बटाटा चावतो

"हात ओढू नकोस, ईडन! ओढलास की तो आणखी चावतो!"

मी ओरडेपर्यंत नातीनं हात ओढला होता. बोटातून रक्त आलं. बटाटा, म्हणजे आमचा ससा, काही झालंच नाही अशा थाटात पाय चाटत बसला.

"डॅड, इनफ," माझा मुलगा लिऑर म्हणाला. "संडेला तुम्ही केअर होममध्ये मूव्ह होणार. तिकडे पेट्स चालत नाही. आमच्याकडे हा असा बाइट करणार असेल तर मी त्याला रेस्क्यू सेंटरला देणार."

वा रे वा! माझी बायको लीया गेल्यावर हा ससा यानंच माझ्या गळ्यात मारला होता, सोबत होईल म्हणून. पहिल्याच आठवड्यात मेल्यानं माझी करंगळी फोडली. दुकानातली मुलगी म्हणाली, मारू नका, चावला की जोरात ओरडा, दुखलं हे त्याला कळू द्या. आता मी सगळं आयुष्य इथं विलायतेत, बस डेपोत इंग्रजीत काढलं, पण दुखलं की तोंडातून 'आई गं'च निघतं. बटाटा त्यालाच दचकायला शिकला. मग 'नको रे', 'हळू', 'शहाणं बाळ ते', सगळं शिकला. लीयानंतर पिनरच्या त्या घरात मराठी ऐकणारं दुसरं होतं कोण? आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये कोण आजारी आहे, भेंडी किती जून निघाली, लीया माझ्याशी कशी भांडायची, सगळं मी त्यालाच सांगायचो.

"ईडन, 'आई गं' म्हण बघू."

"आय गा."

"अगं, जीव लावून! दुखलंय तुला!"

"ग्रँडॅड, ही डझन्ट स्पीक मराठी."

"तुझ्यापेक्षा बरं कळतं त्याला!"

ती हसली, पण रोज शाळा सुटल्यावर आली. मी शिकवत गेलो. समोरून हात नेऊ नकोस, नाकापुढचं त्याला दिसत नाही. बाजूनं ये, कपाळावर हात ठेव. कोथिंबीर दिलीस की हात धू, मगच त्याला हात लाव, नाहीतर बोटालाच काडी समजेल.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो. "आई गं!" ऐकून धडपडत बाहेर आलो. थेट लीयाचा आवाज. जीव गलबलला माझा. ईडननं हात ओढला नव्हता. बटाटा मागे सरला, थांबला, आणि मग त्यानं मुकाट्यानं तिच्या तळहाताखाली डोकं घातलं.

"ओके, डॅड," दारातून लिऑर म्हणाला. "घेऊन जातो."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? रात्री मात्र जेवण गेलं नाही.

केअर होममधली माणसं भली आहेत, मराठी तेवढं कुणाला येत नाही. सिस्टर मला 'माय लव्ह' म्हणते, पांघरूण नीट करते. वसंत सरता सरता ईडनचा फोन आला.

"चावतो का गं अजून?"

"नो! ही इज सो गुड! आता मी फक्त 'नो' म्हणते, तो ऐकते."

"आणि मराठी?"

"काल ट्राय केली. 'शहाणं बाळ ते' म्हटली. तो बघितला पण नाही, ग्रँडॅड. ही फरगॉट."

पण पोरीचा काय दोष? ससा सुखात होता. मला तेच तर हवं होतं.

"दॅट्स व्हेरी गुड, डार्लिंग," मी म्हणालो, इंग्रजीतच, आणि फोन ठेवला.