तोमिओकांचा तळहात

जपानी पैलवान तोमिओकांचा तळहात माझ्या छातीवर आदळला की पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या कातड्यावर वीज कोसळल्यासारखा आवाज घुमायचा. वेदना मागाहून, जरा उशिरा यायची. मेलबर्नच्या हिवाळ्यातलं फिकट, पाण्यात कालवल्यासारखं ऊन, आणि त्या उन्हात नांगरल्या रानासारखं उजळणारं त्यांचं कपाळ. जपानात या कपाळासाठी म्हणे मोठमोठी मैदानं भरत. काटेरी तारांनी, लोखंडी खुर्च्यांनी, प्रतिस्पर्ध्यांच्या दातांनी उभीआडवी फाडलेली ती कारकीर्द मी अक्षरांतून नव्हे, व्रणांतून वाचली. अक्षरांचं म्हणाल तर माझी शाळा नववीतच सुटली.

मी कोल्हापूरकडचा, तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेला. बायकोच्या नर्सिंगच्या नोकरीमुळे इथे आलो. क्लेटनजवळच्या गोदामात खोकी उचलायची आणि उरल्या वेळात या शेडमध्ये तोमिओकांकडे निकाल ठरवून खेळायची ही परकी कुस्ती शिकायची. आपल्या निरोपाच्या सामन्याला तोमिओकांनी समोर लढायला मलाच निवडलं. त्या उपकाराने छाती भरून आली आणि झोपही उडाली, कारण माझं अंग पडायलाच तयार नव्हतं. मातीत ज्याची पाठ टेकली तो हरला. इथे पाठ सपाट टेकली तरच दोघं वाचतात. ते मला डोक्यावरून मागे फेकत, आणि जन्माची खोड, मी हवेतच मांजरासारखा वळे. त्यांच्या मानेत ऑपरेशनचे स्क्रू होते. चुकीच्या वेळी वळलो असतो तर ती मान संपली असती.

एकदा वळताना माझं कोपर त्यांच्या भुवईत घुसलं. रक्ताची धार लागली.

"सॉरी, तोमिओका-सान, सॉरी!"

"नो सॉरी. अगेन." ओठावरचं रक्त चाटून ते हसले. "युअर बॅक, टू मच प्राउड."

संध्याकाळी त्यांच्या भुवईला पट्टी लावताना बायको माझ्यावर डाफरली, "त्यांच्या वयाचा तरी विचार कर रे! आणि स्वतःची मान मोडून आलास, तर घरात मी नर्स नाही, आत्ताच सांगून ठेवते."

प्रत्येक फेकीनंतर, कुणाला दिसणार नाही असं, ते माझं मनगट दाबत: ठीक आहेस? मी उलट दाबायचं: आहे.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. "फिनिश हिम, मेट!" कुणीतरी किंचाळलं. तळहातामागून तळहात, छाती सोललेल्या मांसासारखी लाल, जिभेवर रक्ताची खारट चव. मग त्यांनी मला वर उचललं. तालमीतल्या वस्तादांची करडी नजर डोळ्यांपुढे आली, कंबर वळू लागली. तेवढ्यात त्यांच्या मानेतला थरकाप माझ्या बरगड्यांना जाणवला. मी अंग सैल सोडलं. पाठ पडली, खालच्या फळ्या गरजल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चीत झालो तो हात जोडावेत अशा मनाने.

ते माझ्या शेजारीच निपचित पडले होते. या वेळी मीच आधी मनगट दाबलं. उत्तर नाही. पंचाची थाप, लोकांचा कल्लोळ, छतातून उतरणारं ऊन, सगळं थिजलं. मग ती जाड, वाकडी बोटं माझ्या मनगटावर हळूच मिटली.

ते समुद्रापार जपानला परतले. छातीवरचे वळ गेले, हिवाळे येऊन गेले. अजूनही गोदामाच्या थंड सकाळी माझी बोटं आपोआप मिटतात, उत्तराची वाट पाहतात. आणि आठवणीतला तो उलट दाब मनगटाला जाणवायला दरवेळी थोडा जास्त वेळ लागतो.