गोकुळ महाराजांची मजुरी

सप्त्याला येणाऱ्या कीर्तनकार महाराजांचा मुक्काम यंदा नारायणरावांच्या घरी, असं मारुतीच्या पारावर ठरलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, बसल्या जागेवरून हात जोडले. लग्न होऊन वरवटला आल्यापासून त्यांनी एकही सप्ता चुकवला नव्हता. महाराजांच्या ताटासाठी भाजी निवडली होती, मांडवात सडा घातला होता. पण मुक्काम कधी वाट्याला आला नव्हता. आता महाराज आपल्या अंगणात पाय धुणार, आपल्या न्हाणीत आंघोळ करणार, तिथूनच कीर्तनाला निघणार. घराकडे येताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

न्हाणीत गेल्या आणि मन खट्टू झालं.

त्या न्हाणीतला नळ म्हणजे घरातलं एक आजारी माणूसच होतं. या भागात बोअरचं पाणी खारं. लोखंडी पाइपात खार बसत जातो, बसत जातो, आणि गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी खाली करंगळीएवढी धार येते. तीही सगळी बादलीत पडेल तर नशीब. अर्धं पाणी भिंतीच्या पोटात झिरपायचं. पलीकडच्या ज्या खोलीत महाराजांची गादी घालायची, तिथल्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते.

शेजारच्या जनकाबाईंनी मायेनंच सुचवलं की महाराजांना आमच्याकडे पाठव, आमच्या दोन न्हाण्या आहेत, तुला कशाला तरास. माया खरी होती, पण मनकर्णाबाईंना ती मिरचीसारखी झोंबली.

सून पुष्पांजलीनं मोबाइलवर शोधून शहराकडचा एक प्लंबर बोलावला. तो मोटरसायकलवर आला, भिंतीवर टकटक केली आणि सगळ्या फरश्या उखडाव्या लागतील म्हणाला. सामानासाठी आगाऊ रक्कम घेतली, भिंतीवर पांढऱ्या सिमेंटचा एक हात फिरवला आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन वाजायचा, उचलायचा मात्र कोणी नाही. नारायणराव शांत माणूस. म्हणाले, दक्षिणा दिली समज.

“पन आई, गावात गोकुळ महाराज असताना आपन बाहेर कायले पाहून राह्यलो?” पुष्पांजलीनं विचारलं.

हे मनकर्णाबाईंच्याही मनात होतंच. गोकुळ त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. प्लंबरकाम करायचा आणि भजनी मंडळात मृदंग वाजवायचा. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि मृदंगावर हात पडला की बसलेली म्हातारी माणसंसुद्धा डोलायला लागायची. त्यामुळे सगळा गाव त्याला महाराजच म्हणायचा, आणि भेटला की पाया पडायचा. मनकर्णाबाईंनी त्याला किती वेळा निरोप धाडला होता. दर वेळी “येतो, माय” असं गोड उत्तर यायचं. येत मात्र तो नव्हता. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन जळगाव जामोदची बस धरायचा आणि सांजेला परतायचा. गावात हळूहळू बोललं जायचं की महाराजांना आता गावची कामं हलकी वाटतात. मनकर्णाबाई तसं बोलत नव्हत्या. पण त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

सप्ता आठवड्यावर आला तशा त्या तेल-गुळासाठी जळगाव जामोदला गेल्या. बाजारातून स्टँडकडे येताना एका गल्लीत ओळखीचा आवाज कानावर पडला. एका घराच्या ओट्यावर गोकुळ बसला होता, हातात पाइप पाना, समोर घरमालकीण, आणि दोघांचं जोरात चाललेलं.

“काकू, एवढ्या पैशात तर नळ नुसता पुसून भेटते,” गोकुळ म्हणत होता.

ती बाई म्हणाली की मागचा माणूस याच्या निम्म्यात करून गेला. त्यावर गोकुळ म्हणाला, मागच्या माणसानं निम्म्यात केलं म्हणूनच आज मी आलो. बाई हसली, वाढवून बोलली, गोकुळनं थोडं कमी केलं, आणि ठरलं. मनकर्णाबाई कोपऱ्यावर पिशव्या धरून पाहतच राहिल्या. वरवटच्या गल्लीत खाली मान घालून चालणारा, दोन शब्दांच्या वर न बोलणारा हा गोकुळ इथं कसा बाजारातल्या भाजीवाल्यासारखा खुलला होता.

तेवढ्यात त्यानं त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पुन्हा गावातला झाला. उठून त्यानं त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. मनकर्णाबाईंनी विचारायचं ते विचारलंच. इथं लोकाइचे नळ दुरुस्त करून राह्यला, अन् आपल्या गावात काऊन नाई?

त्यानं पिशव्या ओट्यावर ठेवल्या. मग म्हणाला, “माय, राग धरू नका. गावात मले मजुरी कोनी पुसत नाई.”

“म्हंजे?”

“दोन वर्साखाली तुमच्याकडं टाकीचा व्हॉल्व बदलला, ध्यानात हाय? काम झाल्यावर तुमी पुरनपोळी जेवू घातली. पाटावर बसवलं. शेला दिला, नारळ दिला. चार मानसाइच्या देखत पाया पडल्या. आता पाया पडलेल्या मानसापुढं मी हात कसा पसरू? व्हॉल्व मी माह्या खिशातून आनला होता.” तो ओशाळून हसला. “तुमीच नाई, समदा गाव असाच करते. घरात शेल्याइची थप्पी लागली. जयमाला म्हनते, याइच्या गोधड्या शिवू का? इथं मले कोनी महाराज म्हनत नाई. इथं मी प्लंबर हावो.”

जयमाला म्हणजे त्याची बायको. तिच्या शेल्यांच्या थप्पीवर मनकर्णाबाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती पुरणपोळी त्यांनी स्वतः लाटली होती, उपास धरून. शेलाही निवडून आणला होता. इतक्या मनापासून केलेली गोष्ट एखाद्याच्या पोटावर येते, हे त्यांना कुठल्या कीर्तनात ऐकायला मिळालं नव्हतं.

गोकुळचं तिथलं काम होईस्तोवर त्या स्टँडवर थांबल्या. दोघं एकाच बसनं निघाले. बसमध्ये अर्धं वरवटच होतं. मागच्या बाकावर रंगराव पाटील होते, ज्यांच्या गायीच्या गोठ्यातली पाइपलाइन गोकुळनं मागच्या साली अशीच नारळावर करून दिली होती. मनकर्णाबाई खिडकीपाशी बसल्या. गोकुळ पलीकडच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन.

बस गावाबाहेर पडली, तुरीची शेतं मागे जायला लागली, आणि मनकर्णाबाईंनी साऱ्या बसला ऐकू जाईल असा आवाज लावला.

“गोकुळ, आमच्या न्हानीच्या कामाचं काय घेशील?”

महाराज न म्हणता नुसतं गोकुळ म्हटल्यावर दोन-चार माना वळल्या.

“तुमच्याकडून काय घ्यायचं, माय. द्या जे वाटंल ते.”

“मले वाटलं तर मी नारळ देतो, तुले माहीत हाय. मले वाटू देऊ नको. भाव सांग.”

गोकुळनं बाहेर पाहिलं. तूर फुलावर होती. “सामान तुमचं. मजुरी अठराशे,” तो खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाला.

मनकर्णाबाईंना तो भाव रास्त वाटला. शहरवाल्यानं तर आगाऊच याहून जास्त नेले होते. तोंडावर हो आलंही होतं. पण त्यांनी ते गिळलं. लगेच हो म्हटलं असतं, तर तेही दानच झालं असतं.

“अठराशे? न्हानी फोडून राह्यला का किल्ला?”

गोकुळनं चमकून मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर ते जळगावचं हसू आलं. “काकू, भिंत फोडल्याबिगर जुना पाइप निंघत नाई. दोन दिसाचं काम हाय.”

“दोन दिस तू काम करशील का चहा पेशील?”

“चहा चांगला असला तर तीन लागतीन.”

आता बसला चेव आला. रंगराव मागून म्हणाले, बाराशेच्या वर जाऊ नको, बाई. एका म्हातारीनं त्यांनाच दटावलं की तुमचा गोठा फुकटात झाला म्हणून दुसऱ्याचा भाव पाडता काय. गोकुळ सतराशेवर आला, मनकर्णाबाई तेराशेवर गेल्या. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, पंधराशे करा अन् मले तिकिटं काढू द्या.

“पंधराशे,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “अन् जेवन वेगळं. ते मजुरीत धरायचं नाई.”

“मंग जमलं.”

बस आपापल्या गप्पांकडे वळली. वरवटचा फाटा आला तेव्हा रंगराव गोकुळच्या खांद्यावर हात ठेवून, जरा खाकरून, मोटारीच्या लाइनचं किती घेशील ते विचारत होते.

दुसऱ्या दिवशी गोकुळ आला. भिंत फोडून त्यानं जुना पाइप काढला, तेव्हा त्यात काडी जाईल एवढीच वाट उरलेली होती; बाकी सगळा खार, दगडासारखा. त्यानं प्लास्टिकचा पाइप टाकला, मध्ये बंद करायचा कॉक बसवला, भिंत लिंपली. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ सोडला तर बादली भरायला वाटच पाहावी लागली नाही. पुष्पांजली पाण्याखाली हात धरून लहान पोरीसारखी उभी राहिली. मनकर्णाबाईंनी आधी मजुरी हातात दिली. मग ताट वाढलं.

महाराज येण्याच्या सकाळी घर सारवल्यासारखं लखलखीत होतं. महाराज ओसरीवर टेकले, नारायणराव पाणी देत होते, आणि आतून पुष्पांजली हळूच सांगत आली की नव्या कॉकपाशी पाणी टपकतंय. फरशीवर ओघळ आला होता आणि महाराजांचा आंघोळीचा पंचा बाहेर काढलेला होता.

गोकुळ त्या वेळी मंदिरात सूर जमवायला मृदंगाला कणीक लावत बसला होता. वाद्य पूजेच्या जागी असताना वादकाला उठवायचं, हे मनकर्णाबाईंनी जन्मात केलं नसतं. आज मात्र त्यांनी फोन लावला.

“गोकुळ, पंधराशे दिले हायेत. कॉक टपकून राह्यला. महाराज ओसरीत बसले. लवकर ये.”

“आलो, काकू,” पलीकडून आवाज आला.

आणि तो आलाच. धोतराचा काचा मारलेला, बोटांना कणीक तशीच, बगलेत पिशवी. महाराजांना नमस्कार करून सरळ न्हाणीत शिरला. कॉक खोलला, आट्यांवर टेप नव्यानं गुंडाळली, पान्यानं आवळलं, बोट फिरवून पाहिलं. मनकर्णाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्याला बोलत होत्या, की पहिल्याच वेळी नीट आवळायला काय झालं होतं, कीर्तनात बोटं लवकर चालतात आणि इथं काय झोप लागली होती काय. गोकुळ मान खाली घालून ऐकत होता आणि गालात हसत होता. फुकटाच्या कामाबद्दल त्याला आजवर कोणी कधी रागावलं नव्हतं.

महाराज पंचा खांद्यावर टाकून मागे येऊन उभे राहिले होते. गळ्यात माळ, बोटांना कणीक आणि हातात पाना, असा माणूस पाहून त्यांनी कुतूहलानं विचारलं, हे कोण?

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. “हा आमचा गोकुळ. नळाचं काम करते, महाराज. चांगलं करते,” त्या म्हणाल्या. “फक्त भाव आधी ठरवा लागते.”

गोकुळनं नळ सोडला. पाणी जोरात बादलीत पडलं, आणि त्या आवाजात महाराजांचं हसणं बुडून गेलं.