रॅमची खाच

वकिलाने ती यादी माझ्यासमोर ठेवली ती मंगळवारी, शाळेतून आल्या आल्या, दप्तरही खांद्यावरून न उतरवता.

वकील म्हणजे माझी नात. वय वर्षे पंधरा. तीन वर्षांची असताना दूध प्यायचं की नाही यावर आईशी तासभर वाद घालून ती जिंकली होती. तेव्हापासून घरात तिला हेच नाव.

"आबा, हे फायनल. आता बदल नाही," ती म्हणाली. "बघा आणि फक्त हो म्हणा."

"फक्त हो म्हणायला मी कशाला हवा? आरशासमोर वाच."

"आबा."

मी चष्मा लावला. वहीच्या पानावर आठ ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट. प्रत्येक ओळीत दोन-दोन, तीन-तीन नावं खोडून शेवटचं गिरवलेलं. महिनाभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जेवताना मोबाइल, दात घासताना मोबाइल, आणि त्यात कोणीतरी कुठला तरी पंखा कसा बसवायचा ते सांगत असायचं.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या बाबाच्या एका वाक्याने. दोन वर्षांपूर्वी तो वेगळा झाला, दुसऱ्या गावी गेला. माझी मुलगी आणि नात माझ्याकडे आल्या. दर रविवारी चारला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. पूर्वी बाप-लेक एका जुन्या कॉम्प्युटरसमोर खेटून बसून गेम खेळायची, एकाच्या हातात माउस आणि दुसऱ्याकडे कीबोर्ड. आता कॉलवर विषय पुरत नाहीत. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, बरं, पुढच्या रविवारी बोलू. सात मिनिटं. कधी पाच. महिन्यापूर्वी ती म्हणाली, मला गेमिंगचा डेस्कटॉप जोडायचाय, मग आपण दोघं ऑनलाइन खेळू. तर तो हसून म्हणाला, "तुला कुठे जमणार ते, पिल्लू. मी तयारच पाठवतो."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण हिने तिथल्या तिथे तारीख देऊन टाकली. अमुक रविवारी, चार वाजता, मी जोडलेल्या मशीनवरून तुझ्याशी खेळणार. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, मान्यता दिली ती एका अटीवर. ती हॉस्पिटलात नर्स आहे, अटी मोजक्या शब्दांत घालते. "एकदाच. फसलं तर बाबाचा तयार घ्यायचा, आणि पुन्हा या घरात स्क्रू-ड्रायव्हर दिसता कामा नये."

तर मी यादी वाचत होतो. तिसऱ्या ओळीवर मला चूक दिसली.

रॅमच्या पिढ्या असतात. चौथ्या पिढीची पट्टी आणि पाचव्या पिढीची पट्टी लांबीला सारखी, दिसायलाही सारखी. फरक खालच्या खाचेत. एकीची खाच जिथे, तिथून दुसरीची जराशी सरकलेली. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वकिलाने मदरबोर्ड निवडला होता चौथ्या पिढीचा आणि रॅम पाचव्या पिढीची. बोर्ड शोधताना तिने एक व्हिडिओ पाहिला असणार, रॅम शोधताना दुसरा.

तंत्रशाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. आधी रेडिओ आणि टीव्ही, मग कॉम्प्युटर. माझा एक नियम होता. मुलाची चूक मी सांगत नसे. बोट दाखवलं की मूल बोटाकडे बघतं, असं मला वाटे. चूक त्याची त्याला सापडू द्यायची, त्याला लागेल तितका वेळ द्यायचा. त्या क्षणी मुलांचे चेहरे जे उजळतात, त्यासाठी मी नोकरी केली.

म्हणून मी चष्मा काढला आणि म्हणालो, "एकदा परत वाच."

"पाच वेळा वाचलंय."

"सहाव्यांदा वाच."

तिने माझ्यासमोरच वाचलं, ओठ हलवत, बोट फिरवत. तिसऱ्या ओळीवरून बोट सरळ खाली गेलं. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, बसवताना कळेल. खाच जुळणार नाही, ती थबकेल, विचार करेल. आणि पट्टी काय, बदलून मिळते.

गुरुवारी आम्ही बोर्ड आणायला गेलो; बाकी सगळं तिने ऑनलाइन मागवलं होतं. दुकानदार माझाच विद्यार्थी, आता डोक्यावरचे केस गेलेले. त्याने खोका काढता काढता वकिलाला विचारलं, "रॅम देऊ यातली?"

"नको, मागवलीये मी. उद्या येईल."

"कुठली?"

"एकदम फास्टवाली."

तो हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर आहेत म्हटल्यावर मी कशाला विचारतोय." मग तिला सांगू लागला, "तुझ्या आबांनी आम्हाला कधी उत्तर सांगितलं नाही, माहितीये? मी एक रेडिओ घेऊन तीन दिवस बसलो होतो. आत झाळणीचा एक टाका सुटलेला. सरांना पहिल्या तासालाच दिसलं होतं. मला सापडला तिसऱ्या दिवशी."

"मग भारी वाटलं असेल," वकील म्हणाली.

"वाटलं ना," तो म्हणाला. खोक्याला टेप लावली. "रेडिओ शेजाऱ्यांचा होता. मी बिघडवला म्हणून घरी रोज बोलणी खात होतो. ते सरांना माहीत नव्हतं."

तो हसतच होता, मीही हसलो. आत्ता बोलावं असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. घरी जाताना रिक्षात ती खोका मांडीवर घेऊन बसली, तेव्हाही आलं.

रविवारी सकाळी आम्ही जेवणाचं टेबल मोकळं केलं. मुलगी ड्यूटीवर होती, सहाला येणार होती. वकिलाने वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू वाट्यांमध्ये वेगळे केले, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. मागच्या आठवड्यात मी तिला एका भंगारातल्या मशीनवर सगळं शिकवलं होतं. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरला कधीच जोर नाही, तो अलगद ठेवायचा. आणि रॅमला मात्र जोर. "घाबरायचं नाही," मी सांगितलं होतं. "दोन्ही अंगठे, सरळ खाली. नवीन माणूस नेहमी कमी दाबतो. टक्क आवाज आला की बसली."

प्रोसेसर तिने इतका सुरेख ठेवला की माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. मग तिने रॅमचं पाकीट फोडलं.

आणि मी मुद्दाम उठलो. मास्तर डोक्यावर उभा असला की मूल विचार करत नाही. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागलो. पाठ तिच्याकडे, कान तिच्याकडे. आत्ता म्हणेल, आबा, ही बसत नाहीये. मग मी आत जाणार आणि विचारणार, का बरं बसत नसेल?

तिने हाक मारली नाही. आवाज आला तो टक्क असा नव्हता. कोरडं बिस्कीट मोडावं तसा होता.

आत गेलो तेव्हा ती अंगठे हवेत धरून उभी होती. बोर्डावरच्या रॅमच्या स्लॉटमधला, खाचेत बसणारा उंचवटा तुटून पडला होता आणि स्लॉटला मधोमध तडा गेला होता. पट्टी तिरकी अडकली होती.

"बसत नव्हती," ती म्हणाली. "मला वाटलं, मी घाबरतेय. म्हणून अजून दाबली."

मी बोर्ड उचलून उजेडात धरला, जणू काही बघायचं बाकी होतं. तिने पट्टीचं पाकीट उलटंसुलटं केलं, बोर्डाचा खोका पाहिला, मग पुन्हा पाकीट. माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे ज्या क्षणी उजळायचे तो क्षण हाच. तिला चूक सापडली होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"चार आणि पाच," ती म्हणाली. "आबा, मी इतकी मूर्ख आहे."

"नाहीस."

"बाबाला माहीत होतं मला जमणार नाही."

मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला पाणी आणून दिलं.

चार वाजता फोन वाजला. तिने तो टेबलावरच्या डब्याला टेकवून उभा केला. बोर्ड झाकला नाही. तिचा बाबा केस विंचरून, हेडफोन लावून बसला होता, मागे त्याचा मॉनिटर चालू. तोही वाट बघत होता, हे दिसत होतं.

"काय पिल्लू, तयार?"

"नाही. मोडलं." तिने बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरला. "रॅम चुकीची घेतली आणि दाबून बसवली."

"अरेरे. आणि आबांच्या नाही लक्षात आलं?"

"त्यांच्या कसं येणार? यादी माझी होती." ती खाली बघत होती. "तू बरोबर होतास. पाठव तयार."

तिचा बाबा काही तरी बोलणार होता. मी तिच्या मागे गेलो, त्याला दिसेल असा वाकलो.

"माझ्या लक्षात आलं होतं," मी म्हणालो. "मंगळवारीच. तिची चूक तिला सापडेल म्हणून मी बोललो नाही. बाकी सगळं तिने नीट केलंय."

त्याने हेडफोन काढला. मग तो म्हणाला, "आबा, सांगायचं ना."

एवढंच. रागसुद्धा नव्हता त्यात.

"बाबा, मी नंतर करते," वकील म्हणाली आणि कॉल बंद केला. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघितलं.

"मंगळवारी?"

"हो."

"मी सहाव्यांदा वाचत होते, तेव्हा तुम्ही नुसते बघत होतात?"

"हो."

"दुकानात? त्या काकांनी विचारलं तेव्हा?"

"हो, तेव्हाही."

दूध पिण्यावरून तासभर भांडलेली पोर माझ्याशी वाद घालायलाही तयार नव्हती. ती उठून खोलीत गेली, दार लोटलं. मी टेबलाशी बसून वाट्यांमधले स्क्रू बघत राहिलो. त्या दुकानदाराला त्या तीन दिवसांत घरी बोलणी खावी लागली, तसं आणखी कोणाला काय सोसावं लागतंय, हे चौतीस वर्षांत मी एकाही मुलाला विचारलं नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर ती बाहेर आली. डोळे सुजलेले. हातात तेच पान. माझ्यासमोर ठेवलं, पण मंगळवारसारखं नाही, लांबूनच सरकवलं.

"अजून काय चुकलंय यात? आत्ता सांगा. सगळं."

मी चष्मा लावला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पुढच्या पाच ओळी मी जणू पहिल्यांदाच बघत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तिसऱ्या ओळीवर चूक दिसली आणि मी तिथेच थांबलो. खाली वाचलंच नाही."

तिने पान आपल्याकडे ओढलं. "म्हणजे बाकीचंही चुकीचं असू शकतं."

"असू शकतं. आपल्याला बघावं लागेल."

"मग बाबाला हो म्हणायचं की नाही, हे मी ते बघून ठरवणार. आणि आईला सहा वाजता तुम्ही सांगायचं. मी नाही."

"मी सांगतो."

तिने कपाटातून मोजमापाची टेप आणली. सर्वांत आधी ग्राफिक्स कार्ड, ती म्हणाली, कारण ते सर्वांत लांब. कार्ड खोक्यातून न काढता तिने खोक्यावरचा लांबीचा आकडा वाचला. मग कॅबिनेटच्या आत हात घालून, मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत टेप ताणली. वाकून आकडा पाहिला. चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही.

"बसतंय का?" मी विचारलं.

तिने टेप ताणूनच धरली.

"सांग ना."

तिने टेप सोडली, ती सर्रकन गुंडाळली गेली. मग ती माझ्या हातात दिली.

"तुम्ही मोजा," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो आणि मागच्या पत्र्यापासून मोजायला सुरुवात केली.