आपल्याहून जाड

उत्कर्षा ढोक नोकरीसाठी यवतमाळहून पुण्याला आली, तेव्हा तिला वाटलं होतं की गाव सुटलं की नावही सुटेल. घरी तिला 'म्हैस' म्हणत. तिचे वडील बापूराव पाहुण्यांसमोरही लाडानं तशीच हाक मारायचे आणि पाहुणेही लाडानंच हसायचे. हिंजवडीच्या कंपनीत कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण फ्रीजमधली फुकटची कोल्ड्रिंकं, मीटिंगांतले पिझ्झे आणि दिवसभराची खुर्ची यांनी वर्षभरात आपलं काम केलं. हातपाय होते तेवढेच राहिले, पोट तेवढं पुढं आलं. वारज्याच्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर अमरावतीची सृष्टी राहायची, अंगानं काडी आणि जिभेनं सुरी. ती उत्कर्षाला 'हेल्दी' म्हणायची. उत्कर्षाला त्यातली म्हैस बरोबर ऐकू यायची.

मग तिसऱ्या खोलीत नीमा आली.

नीमा टांझानियाची, संगणकाचं शिकायला आलेली. उंच, काळीभोर आणि उत्कर्षाच्या दीडपट. घरमालकीण पद्मजाबाई कसबा पेठेत राहायच्या. परदेशी मुलीकडून जास्त भाडं मिळतं म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं होतं. तिला जिना चढताना पाहून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लिफ्ट लागेपर्यंत हिला बाहेर जायला लावू नका गं. पायऱ्यांची गॅरंटी बिल्डरनं दिलेली नाही."

सृष्टी खो खो हसली. उत्कर्षाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की जन्मात पहिल्यांदाच खोलीतली सगळ्यात जाड बाई आपण नाही. अंगावरून ओझं उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. त्या दिवसापासून नीमावरचे सगळ्यात जहरी विनोद उत्कर्षाच करू लागली. रिक्षा तिरकी झाली, सोफा मोडला, बादलीतलं पाणी पुरलं नाही. नीमाला मराठी येत नव्हतं. तिच्याशी सगळं बोलणं इंग्रजीतून व्हायचं. दोघी हसल्या की तीही हसायची. हसणाऱ्या घरात आपल्याला जागा मिळाली असं बिचारीला वाटायचं.

त्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलच्या तपासणीची जाहिरात नीमानंच आणली. डॉक्टर श्रीनिवास नावाचे कुणी वेगवेगळ्या वंशांच्या लठ्ठ तरुणांचा अभ्यास करत होते. कुणाच्या शरीरात चरबी कुठं साठते आणि त्याचा रक्तातल्या साखरेवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. पुण्यात शिकणारी इराणी, आफ्रिकी मुलं आणि इथली मुलं, सगळ्यांचं रक्त तपासणार होते, पोटाचा एमआरआय काढणार होते.

"चल ना, दोघी जाऊ. एकटीला लाज वाटते," नीमा म्हणाली.

उत्कर्षा गेली ती मजा बघायला. नीमा त्या मशीनच्या बोगद्यात मावेल का, यावर सृष्टीशी तिची पैजही लागली होती. नीमा मावली.

आठवड्यानं डॉक्टरांनी बोलावलं. दोघी म्हणाल्या एकत्रच सांगा, म्हणून एकत्र बसवलं. नीमाचं वजन कमी व्हायला हवं, गुडघे आत्ताच कुरकुरतायत, पुढं मधुमेहही होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. पण आज तिची साखर ठीक होती आणि यकृत स्वच्छ होतं. मग ते उत्कर्षाकडे वळले आणि मराठीत बोलू लागले.

"तुमच्या यकृतात बरीच चरबी आहे. आतड्यांभोवतीही आहे. आणि साखर काठावर नाही, काठ ओलांडून गेलीय. मधुमेह आहे तुम्हाला."

"मला?" उत्कर्षानं नकळत नीमाकडे बोट केलं. "पण सर, ही तर..."

"वजनकाटा एवढंच सांगतो की चरबी किती आहे. कुठं आहे ते नाही सांगत. हिचं शरीर ती कातडीखाली ठेवतं, मांड्यांवर, कमरेवर. तुमचं शरीर आत भरतं. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचं असंच दिसतंय. बाहेरून थोडं, आतून फार." त्यांनी गोळी लिहून दिली. "घाबरू नका. चाला, खाणं सांभाळा, गोळी चुकवू नका. यकृत अजून सुधारण्यासारखं आहे."

उत्कर्षाला आजाराची भीती वाटली, पण ती नंतर. आधी तिला राग आला, आणि तोही शेजारी बसलेल्या त्या धडधाकट मुलीचा. एवढं अंग घेऊन ही सुटते कशी?

नीमानं मात्र डॉक्टरांकडून सगळं इंग्रजीत समजून घेतलं आणि बाहेर येताच तिला मिठी मारली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे ती उत्कर्षाचं दार वाजवू लागली. दोघी एनडीए रोडनं खडकवासल्याच्या दिशेला चालत जायच्या. नीमा धापा टाकायची, थांबायची, गुडघे धरायची, पण परत फिरू या असं तिनं कधी म्हटलं नाही. ती डाळ शिजवायची, भात कमी वाढायची, उत्कर्षाच्या हातातली बिस्किटं काढून घ्यायची. दोन महिन्यांत साखर खाली आली. डॉक्टर खूश झाले. उत्कर्षाला एवढं कुणी कधीच जपलं नव्हतं, तिच्या आईनंसुद्धा नाही.

आणि नेमकं तेव्हाच सुदर्शनचं स्थळ आलं. मुलगा वर्ध्याचा, पुण्यातच आयटीत, लवकरच अमेरिकेला जाणारा. मुलीचं अंग भरलेलं असलं तरी चालेल असं मुलाकडचे म्हणाले, घरात दोन पगार येणार होते. त्याच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं, "काही आजारबिजार?"

बापूराव गरजले, "आमच्या म्हशीले कायचा आजार जी! खाते-पेते, टंच हाये."

त्यांना काही माहीतच नव्हतं. मधुमेहाचं उत्कर्षानं नीमाखेरीज कुणालाच कळू दिलं नव्हतं.

येत्या रविवारी सुदर्शनची आई फ्लॅट बघायला येणार असं ठरलं. ते ऐकून नीमानं टाळ्या वाजवल्या. "मी त्यांना सांगेन, तू किती शिस्तीची आहेस. रोज चालतेस, गोळी एकदाही चुकवत नाहीस."

सांगू नकोस असं उत्कर्षाला म्हणता आलं असतं. नीमानं ऐकलंही असतं. पण कधी चुकून बोलून गेली तर? लग्नात बोलली तर? नीमा इथं आहे तोवर आपला आजारही इथं आहे, असं तिच्या मनानं घेतलं. शुक्रवारी ऑफिसातून निघून ती थेट कसबा पेठेत पद्मजाबाईंकडे गेली.

"काकू, सांगू की नको असं झालंय. नीमा आणि मी तपासणीला गेलो होतो ना, तिच्या रक्तात काहीतरी निघालंय. डॉक्टर नाव घेत नाहीत. आमचं बाथरूम एकच आहे हो."

पद्मजाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. पुरावा मागितला नाही. तसं काहीतरी असणार हे त्यांना जणू नीमाला पाहिलं त्या दिवशीच कळलं होतं.

"मी जागा भाड्यानं दिलीय, दवाखाना नाही काढलेला. उद्या सकाळी येते."

त्या आल्या ते आपल्या पुतण्याला, केदारला, घेऊनच. केदारनं नाकाला रुमाल बांधला होता. नीमा नुकतीच आंघोळ करून आली होती, तिचे केस ओले होते. "हिचं इंग्रजी मला समजत नाही," पद्मजाबाई उत्कर्षाला म्हणाल्या. "तू सांग. आजच्या आज जागा सोडायची. कारणही सांग, म्हणजे उगाच वाद नको."

उत्कर्षानं इंग्रजीत सांगितलं, "त्यांचा पुतण्या राहायला येतोय. त्यांना आजच खोली हवी आहे."

"आज?" नीमाचे डोळे भरले. "माझी परीक्षा आहे सोमवारी. त्यांना विचार ना, आठ दिवस द्या म्हणावं. मी जास्त भाडं देईन. आणि ते रुमाल का लावून उभे आहेत? मी आजारी आहे असं वाटतंय का त्यांना? सांग ना, डॉक्टरांनी मला ठणठणीत म्हटलंय. तू होतीस तिथं."

"काय म्हणतेय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

दारात सृष्टी उभी होती. तिला दोन्ही भाषा येत होत्या. उत्कर्षानं तिच्याकडे पाहिलं. सृष्टी मिटल्या तोंडानं गालातल्या गालात हसली.

"ती म्हणतेय, आजार आहे हे तिला माहीत होतं," उत्कर्षा म्हणाली. "माफ करा म्हणतेय. जाते म्हणतेय."

"निर्लज्ज," पद्मजाबाई म्हणाल्या.

केदारनं नीमाची गादी पायानं लोटत जिन्यापर्यंत नेली. गादीला हात लावायला तो तयार नव्हता. शेजारच्या दारांतून माणसं बघत होती. कुणीतरी पायऱ्यांवर फिनाइल ओतलं. नीमा पुस्तकं छातीशी धरून त्यातूनच खाली उतरली. रिक्षात बसण्याआधी तिनं उत्कर्षाचा हात घट्ट धरला.

"तू माझ्यासाठी इतकं बोललीस, थँक यू. चालणं सोडू नकोस हं."

रविवारी सुदर्शनची आई आली, चहा प्याली, उत्कर्षानं तिच्यासमोर दोन पेढे खाल्ले. लग्न ठरलं आणि झालंही. सासरी गोळ्या कुणाला दिसतील म्हणून तिनं त्या बंद केल्या. पहाटे एकटी बाहेर पडली तर सून कुठं जाते म्हणून विचारतील, म्हणून चालणंही बंद केलं. हॉस्पिटलातून पुढच्या तपासणीसाठी फोन आले. तिनं उचलले नाहीत.

वर्षभरात दिवस राहिले. साखर कळली तेव्हा उशीर झाला होता. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

"जुना मधुमेह आहे हा. आधी कधी तपासलं नव्हतं?" वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," उत्कर्षा म्हणाली.

सासूनं ते ऐकलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुदर्शनला ती म्हणाली, "नासका माल गळ्यात मारला आपल्या. आतून किडलेला." सुदर्शनचा अमेरिकेचा व्हिसा आला होता. तो एकटाच गेला. सासूनं उत्कर्षाला आरामासाठी म्हणून यवतमाळला पाठवलं आणि पुन्हा फोन केला नाही.

बाळ गेल्याचं सृष्टीनं ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. फिरत फिरत ते नीमापर्यंत पोहोचलं. तिचा फोन आला तेव्हा बापूराव ओसरीवर पेपर वाचत होते. नीमाला काही बोलता येईना. ती नुसती हुंदके देत होती, मधूनच उत्कर्षाचं नाव घेत होती, मी तिकडं येऊ का विचारत होती.

"कोनाचा फोन हाये?" बापूरावांनी विचारलं.

उत्कर्षानं फोन कानापासून दूर धरला.

"राँग नंबर," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.