दोन सूर खाली

मी गिटार बोलतेय. अंग घासलेलं, मानेपाशी बुजवलेली चीर, पण आवाज अजून खणखणीत. बाईंनी आपली सगळी गाणी माझ्यावरच रचली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि चाल जमेपर्यंतची डोकेदुखी माझी!

गेली सहा वर्षं मात्र मी एक गुपित पोटात ठेवलंय. बाईंना आता वरचा सूर लागत नाही. कार्यक्रमाआधी दार लावून त्या माझ्या साऱ्या तारा दोन सूर उतरवतात आणि तशाच गातात. "लोकांना कळलं ना, की संपलंच आपलं," असं पुटपुटतात.

परवा संगीत महाविद्यालयात परिसंवाद होता. गाणं कसं लिहावं यावर बाई तासभर बोलल्या. काय बोलल्या म्हणून सांगू! एका ओळीसाठी अकरा कागद फाडले होते, त्या फाडलेल्या ओळीही त्यांनी गाऊन दाखवल्या. पोरं खो खो हसली.

मग प्राचार्य हौसेनं म्हणाले, "आता एक गंमत!" पडदा सरकला. मागे वीस विद्यार्थी, व्हायोलिनं आणि बासऱ्या सरसावून, पियानोपाशी एक मुलगी. बाईंचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यांनी जुन्या रेकॉर्डवरून जसंच्या तसं बसवलं होतं. म्हणजे मूळ पट्टीत! आणि मी तर दोन सूर उतरवलेली!

वादन सुरू झालं. घसा बसलाय असं सांगून बाईंना सुटता आलं असतं. पण त्यांनी हात वर केला.

"थांबा रे बाळांनो. छान वाजवताय. पण या पट्टीत मला आता गाता येत नाही. वय झालं. दोन सूर खाली याल का?"

पियानोवाली घाबरत म्हणाली, "बाई, तसं बसवलेलं नाही. चुकू आम्ही."

"चुका की! मी काय कमी चुकलेय?"

आणि चुकलेच. बासऱ्या एकीकडे, व्हायोलिनं भलतीकडे. एकेक करून सगळे थांबले; पियानो तेवढा चाचपडत आमच्यासोबत राहिला. बाई गात होत्या. शब्द न शब्द ऐकू येत होता. इतकं सुंदर त्या कधीच गायल्या नव्हत्या, आणि हे मी सांगतेय, जी दर वेळी त्यांच्या छातीशी होते. मला फार अभिमान वाटला.

परतताना गाडीत बाईंनी मला थोपटलं. "पुढच्या वर्षी अजून एक सूर उतरावं लागणार गं."

उतरवा की, बाई! तारा सैल पडून खडखडतील म्हणून भिऊ नका. जाड तारा लावा मला, पण गात राहा.