वाढत्या मापाचे फ्रॉक

मी एक जुना तपासणीचा दिवा आहे, मित्रांनो. मान वाकडी, रंग उडालेला, पण उजेड अजून शाबूत. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या रंगमंचावर झळकेन. नशिबात आली बायकांच्या डॉक्टरीणबाईंची ही पडद्यामागची खोली. पुढे तीच आवडू लागली. मी पेटलो की बाहेरचे आवाज विरून जातात आणि खोलीत उजेडाचं लहानसं तळं तेवढं उरतं.

माझं कौतुकही झालं. मग नवा पांढरा दिवा आला आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. तो बिघडला तेव्हा कुठे सिस्टरनं मला पुसून पुढे ओढलं.

त्याच दिवशी एक शिंपीणबाई आल्या. सुनेनं त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. दोन पाळ्यांच्या मधेच त्यांच्या अंगावरून लाल जायचं, पण कित्येक महिने बाईंनी ब्र काढला नव्हता. थोरली बहीण कॅन्सरनं गेली होती. आपलीही तीच गत, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"यांनी काय केलंय माहितीये?" सून डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "नातीचे फ्रॉक शिवून ठेवलेत. पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढचा, पार तिची शाळा संपेपर्यंतचे. म्हणे, माझ्यामागे कोण शिवणार?"

"हिच्या टाक्यांचा काय भरवसा?" शिंपीणबाई पुटपुटल्या.

मी वाकून उजेड धरला. गर्भाशयाच्या तोंडाशी एक लालसर दाणा बारीक देठावर लोंबत होता. खरं सांगतो, मीही घाबरलो.

"याला पॉलिप म्हणतात," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मुलं झालेल्या बायकांत चाळिशी-पन्नाशीत पुष्कळदा दिसतो. कारण दरवेळी सापडतंच असं नाही. कधी तिथली जुनी सूज, कधी जंतुसंसर्ग, कधी हार्मोन्सची गडबड. तुमचं काही चुकलं म्हणून झालेला नाही. बहुतेक वेळा हा साधाच असतो. तरी काढून तपासायला पाठवू, नुसतं बघून खात्री देता येत नाही."

त्यांनी चिमट्यानं देठ हलकेच पिरगळला. दाणा सुटला.

काही दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. रिपोर्ट चांगला होता, गाठ साधीच निघाली. शिंपीणबाई पदर तोंडाशी धरून रडल्या. इतके महिने त्या एकट्याच मरणाची तयारी करत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात आई, मावशी, आत्या असं काही मुकाट्यानं सोसत असेल, तर तिला हाताला धरून दवाखान्यात न्या. तिला मनाशी काही ठरवू देऊ नका.

निघताना सुनेनं विचारलं, "आई, आता त्या फ्रॉकचं काय करायचं?"

"उसवायचे," शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळे अंदाजानं कापलेत. पोरगी मोठी होईल तशी तिला समोर उभी करून माप घेईन."