देवगांडुळाची भावकी

त्या रविवारी तात्या गॅलरीत अळूच्या बादलीत खुरपं घालून बसले होते आणि आई आतून सांगत होती की लादी आत्ताच पुसलीय, मातीचे हात भिंतीला लावू नका.

"राजी, हिकडं ये. सापाचं पिल्लू हाय."

मी चहाचा कप हातात घेऊनच धावले. काळ्या मातीत वीतभर लांबीचं, जांभळट, ओलं काहीतरी वळवळत होतं. अंगभर कड्यांसारख्या रेषा. गांडूळ म्हणावं तर त्याला नीट जबडा होता. मी गुडघ्यांवर बसून डोळे शोधले. कातडीखाली दोन फिकट ठिपके दिसले आणि मी कप लादीवर ठेवून दिला.

"तात्या, साप नाही हा. देवगांडूळ आहे. बेडकाचं नातलग."

"बेडकाचं? मग पाय कुठं ठिवून आलं?"

"मातीत राहून राहून गेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"ऐकलं का गं," तात्या आत बघून म्हणाले, "बेडकाचा चुलता आलाय. चहा टाक."

"चुलता असू दे न्हाईतर मेव्हणा. माझ्या घरात नको," आई म्हणाली.

मी महाप्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. बेडूक आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या प्राण्यांचा डीएनए वाचायचा आणि कोण कुणापासून कधी वेगळं झालं याची वंशावळ मांडायची, हे माझं काम. तात्या वाशीच्या मार्केटात माथाडी. शाळा त्यांची लवकर सुटली होती, पण माझं काम त्यांना कधी समजावून सांगावं लागलं नाही. कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी वसाहतीत कुणाचंही लग्न असो, अनोळखी माणसाला गाठून गाव, कूळ, आजोळ विचारत विचारत ते कुठूनतरी नातं काढायचेच.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की आपल्या सह्याद्रीतल्या काही देवगांडुळांचे अगदी जवळचे नातलग पार सेशेल्सच्या बेटांवर आहेत. एके काळी ती जमीन आणि आपली जमीन एकच होती.

"म्हंजे भावकी फुटली आन् जमीन वाटून घेतली."

"वाटून नाही, तुटून गेली."

"आमच्यापेक्षा बरं मग. कोर्टात तरी गेले न्हाईत."

आम्ही दोघंही हसलो. शेताच्या बांधावरून त्यांच्या भावाशी, माझ्या गावच्या काकांशी, भांडण झाल्यापासून तात्यांनी गावात पाऊल ठेवलं नव्हतं.

"ही माती कुठली?" मी विचारलं.

"कुठली म्हंजे? गावची. ट्रकवाला आणून देतो."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. माझ्या प्रमुख स्मिता मॅडमना काही वर्षांपूर्वी तिथल्याच घाटात एक देवगांडूळ सापडलं होतं. त्याचा डीएनए कुणाशीच जवळून जुळेना. आमच्या वंशावळीत ती एक फांदी एकटीच उभी होती, आणि एकट्या नमुन्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, दुसरं काही मिसळलं असेल, अशा शंका येतात. दुसरा प्राणी हवा होता. मॅडमना नंतर तो मिळालाच नाही. आणि आता आमच्या गावच्या मातीत, आमच्या गॅलरीत, रंगाच्या जुन्या बादलीत हा वळवळत होता.

मी माझ्या कामाच्या पिशवीतली कापसाची निर्जंतुक काडी त्याच्या अंगावरून फिरवून ती नळीत बंद केली. तात्यांनी त्याला परत मातीत सोडलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात, पाठीवर ओझं नसताना, तात्या खाली बसले ते उठले नाहीत.

घरात माणसं मावेनात म्हणून कुणीतरी गॅलरी रिकामी केली. बादल्या खाली गेल्या, तिथून कुठे गेल्या ते कळलं नाही. उरली ती त्याच सकाळी मी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवलेली नळी.

तेरावं झाल्यावर मार्केटातल्या तात्यांच्या माथाडी टोळीतले गोटीरामकाका आईला भेटायला आले. बोलता बोलता मी मातीचा विषय काढला. मला त्या ट्रकवाल्याचं नाव हवं होतं.

"कुठला ट्रकवाला?" गोटीरामकाका म्हणाले. "आल्याचं झाडण ते. ओलं आलं मातीसकट येतं, पोती रिकामी केली की खाली माती पडती. कृष्णात, तुझा बाप, ती गोळा करून न्यायचा."

आईने मान वर केली. "वसाहतीत सगळ्यांना गावची म्हणून सांगायचे."

"मग काय झाडण म्हणून सांगल व्हय, वैनी? गावाला जाता येत न्हवतं गड्याला. सातारचं आलं आलं की म्हणायचा, बाजूला व्हा, ही माझी गाडी."

"म्हणजे माती साताऱ्याचीच?" मी विचारलं.

"आता ते कसं सांगू, पोरी? माल उतरवायच्या त्याच फळीवर कर्नाटकचं बी पडायचं, केरळचं बी. माती माती सारखीच."

देवगांडूळ कर्नाटकातून आलेलं असेल तर दक्षिणेच्या ओळखीच्या फांदीवर जाऊन बसेल. मॅडमची फांदी एकटीच राहील, आणि तात्यांची गावची माती गावची नव्हती हेही ठरेल. प्राणी गेला होता, सांगणारा गेला होता. आता जे काही सांगायचं ते त्या काडीवरच्या डीएनएने.

काडीवर डीएनए फार थोडा निघाला. पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला मी आणि माझा सहकारी निखिल शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो.

"टेन्शन घेऊ नको," निखिल म्हणाला. "नुसत्या पाण्याची नळी साफ आलीय. काही मिसळलेलं नाही."

"मी कुठे घेतलंय?"

"माझी खुर्ची हलतेय, तुझ्या पायामुळे."

वंशावळ उघडली. दक्षिणेच्या फांद्यांवर मी वरून खाली नजर फिरवली. आमचा नमुना तिथे नव्हता. सेशेल्सवाल्यांच्या शेजारी नव्हता. तो मॅडमच्या त्या एकट्या फांदीवर होता. आता तिथे दोन टोकं होती.

"सेम तर नाही ना?" निखिलने घाईने दोन्ही नमुन्यांच्या डीएनएच्या ओळी एकाखाली एक लावल्या. हुबेहूब जुळल्या असत्या तर आमच्याच जुन्या नळीतला डीएनए मिसळल्याचा संशय आला असता. नव्हत्या. मोजक्या ठिकाणी अक्षरं वेगळी होती, दोन चुलतभावांत असावीत तितकीच. आणि बाकी सगळ्यांपासून ही दोघं फार दूर होती, लाखो नव्हे, कोटींत मोजायच्या वर्षांइतकी दूर.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा करून बघा. आणि राजलक्ष्मी, पावसात पाटणला जायचंय. मार्केट हे काही सापडल्याचं ठिकाण म्हणून लिहिता येणार नाही."

"हो मॅडम," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं.

निखिलला वाटलं फोन अजून चालू आहे, कारण मी बोलत राहिले. मी घरची भाषा बोलत होते, जी त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

"तात्या, गावचीच माती हाय. तुमीच सांगत व्हता, आन् तसंच निघालं. लई जुनं घराणं हाय ते, सगळ्यात एकटं पडलेलं, आता त्याला भाऊबंद सापडलाय. आईला मी सांगते. गावच्या काकांनाबी तिथं जाऊन सांगते." निखिल उठून दार लावायला गेला. "आन् तात्या, तुमी मला लई आवडायचा."